ब्लॅक मेटलचे नवे अल्बम: कुठे शोधायचे, कसे ऐकायचे, कसे मागवायचे

ऑफिसातल्या एका मुलाने मध्यंतरी विचारलं, "ताई, तू ते किंचाळण्याचं म्युझिक ऐकतेस ना, त्यात नवीन काय आलंय हे तुला कळतं तरी कसं?" टपरीवर चहा संपेपर्यंत त्याला जमेल तेवढं सांगितलं. घरी जाऊन एक लांबलचक मेसेज पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या चुका सुधारणारा आणखी एक. ते दोन्ही मेसेज नीट लावून इथे मांडतेय.

हे किंचाळण्याचं म्युझिक म्हणजे ब्लॅक मेटल, हेवी मेटलची एक कर्कश, काळोखी फांदी. मी या भानगडीत पडले त्याला बारा वर्षं झाली आणि त्यातली पहिली दोन फुकट गेली. दिसेल ते उतरवून घ्यायचं, प्रत्येक अल्बम अर्धवट ऐकायचा आणि महिनाअखेरीस एकाचंही नाव आठवायचं नाही, असा माझा खाक्या होता. या प्रकारात दर आठवड्याला इतकं नवं येतं की नोकरी सोडून बसलात तरी पुरं पडणार नाही. तेव्हा सगळं ऐकायचा नाद आधी सोडा. महिन्याला एक नवा अल्बम धरायचा आणि तो पुरता ऐकायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका अल्बमपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

हाताशी काय काय हवं

- बरे इअरफोन. महाग नकोत, पण फोनमधलं 'बास बूस्ट' बंद करा.
- बँडकॅम्पवर, म्हणजे बँड आणि लेबलं आपलं संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावर, स्वतःचं खातं. ते फुकट उघडतं.
- एक वेगळा ईमेल पत्ता. लेबलांची (अल्बम काढणाऱ्या कंपन्यांची) पत्रं तिथे जाऊ देत, नाहीतर वीजबिल त्यात हरवतं.
- व्हिसा किंवा मास्टरकार्ड, परदेशी व्यवहार चालू केलेलं. डेबिट कार्डही चालतं.
- वस्तू मागवणार असाल तर आधार किंवा पॅनची स्कॅन केलेली प्रत आणि पिन कोडसकट इंग्रजीत लिहिलेला पूर्ण पत्ता.
- एक साधी वही. कशाला ते पाचव्या पायरीत.

बँडची नावं मी देवनागरीत लिहितेय, शोधताना ती रोमनमध्ये टाइप करावी लागतील. काही नावं छळतात. पोलंडच्या एका बँडचं नाव 'म्ग्वा', म्हणजे धुकं. त्याच्या स्पेलिंगमध्ये काट मारलेला एल आहे. अशा वेळी बँड शोधत बसू नका. लेबलचं पान उघडा आणि तिथून नाव कॉपी करा. लोगो वाचून नाव ओळखायचा प्रयत्न तर करूच नका. तो वाळक्या फांद्यांचा भारा असतो आणि मुद्दामच तसा काढलेला असतो.

१. आधी कान लांब न्या

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं इअरफोन फुटलाय. मी तो काढून काडीने साफसुद्धा केला.

गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या अगदी शेजारी उभं राहून बघितलंय? कानात नुसता कडकडाट होतो, बोल एकही लागत नाही. तोच ताफा शंभर पावलं पुढे गेला की कडकडाटाची चादर होते, तिच्याखालून ढोलाचा ठोका वर येतो आणि मग कुठे कळतं की पथक काय वाजवतंय. ब्लॅक मेटलचं अगदी असंच आहे. गिटारची तार एकाच सुरावर वर-खाली इतक्या वेगाने छेडतात की सुटे आघात ऐकू येणं बंद होतं आणि एक लांब, थरथरता सूर उरतो. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. खाली ड्रमचा ब्लास्ट बीट चालू असतो, तोही इतका जलद की शेवटी तो स्थिर वाटायला लागतो. खरी चाल त्या चादरीत असते आणि ती बहुधा सावकाश बदलते.

म्हणून आवाज कमी ठेवा. नवखा माणूस हटकून उलटं करतो. हेवी म्युझिक आहे म्हणून पूर्ण व्हॉल्यूमवर लावतो आणि तिसऱ्या मिनिटाला डोकं धरून बसतो. अर्ध्याहून कमी आवाजात लावा, भांडी घासा, कपड्यांच्या घड्या घाला. विसाव्या मिनिटाला कधीतरी तुम्ही चाल गुणगुणत असाल.

रेकॉर्डिंगचा आवाज पातळ, खरखरीत असतो, तेही पुष्कळदा जाणूनबुजून. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' हा १९९४ चा अल्बम घरगुती चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला. पुढच्या कित्येक बँडनी तीच खरखर चांगल्या स्टुडिओत बसून, पैसे मोजून पुन्हा तयार केली. फाइल खराब आहे असं समजून पुन्हा डाउनलोड करू नका. मी केली होती.

२. नव्याआधी चार जुने, फक्त दोन आठवडे

नव्याला हात घालण्याआधी तो कशावर भांडतोय हे माहीत हवं. 'ब्लॅक मेटल' हे नाव इंग्लंडच्या व्हेनमच्या १९८२ च्या अल्बमवरून आलं आणि आवाजाचा पहिला आराखडा स्वीडनच्या बाथरीचा. पण आज जे ऐकू येतं त्याची घडण नॉर्वेत, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात झाली. चार अल्बम पुरेत: डार्कथ्रोनचा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' (१९९२), मेहेमचा 'दे मिस्तेरीस दोम साथानास' (१९९४), एम्पररचा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' (१९९४) आणि उल्वरचा 'बर्गतात' (१९९५).

चारातला एकच ऐकणार असाल तर उल्वर. 'बर्गतात' म्हणजे डोंगराने ओढून नेलेली. रानात गेलेल्या मुलीला डोंगरातली भुतं भुलवून नेतात, अशी ती गोष्ट आहे. आपल्याकडे चकवा लागतो तसलंच काहीतरी. त्यात किंचाळण्याशेजारी शांत कोरस आहे, बासरी आहे, अकूस्टिक गिटार आहे. प्रयोगाच्या नावाखाली आज जे येतं त्यातलं बरंचसं या एका अल्बममध्ये आधीच होतं. पुढे उल्वरने मेटल सोडलं आणि ते इलेक्ट्रॉनिक संगीताकडे गेले. आवडता बँड दोन अल्बमनंतर ओळखू न येण्याची तयारी इथे ठेवावीच लागते.

३. कुठल्या फांदीवर बसायचं ते ठरवा

हा भाग मी जरा सैल सोडणार आहे, कारण सगळी मजा इथेच आहे.

गोड, धुकट सुरांची आवड असेल तर फ्रान्सच्या अल्सेस्टपासून सुरुवात करा. 'ले शां द लोरोर' हा त्यांचा अल्बम जून २०२४ मध्ये आला. याच अंगाचा अमेरिकन बँड डेफहेवन. २०१३ मध्ये त्यांच्या 'सनबेदर'चं मुखपृष्ठ गुलाबी निघालं आणि काळ्या टी-शर्टवाल्यांना ते सोसलं नाही. २०२१ च्या अल्बममध्ये त्यांनी किंचाळणं जवळपास सोडलं होतं, मार्च २०२५ च्या 'लोनली पीपल विथ पॉवर'मध्ये ते परत आलं. माझ्या मते नवख्याने आज हाच अल्बम हातात घ्यावा, त्यात दोन्ही बाजू आहेत.

गुंगी आवडत असेल तर फिनलंडचा ओरान्सी पाझुझू. ओरान्सी म्हणजे नारिंगी आणि पाझुझू हा मेसोपोटेमियातला राक्षस. नावातच अर्धं सांगून झालंय. ऑक्टोबर २०२४ च्या 'मूनताउतुया'मध्ये गिटारपेक्षा विकृत केलेले सिंथेसायझर जास्त जाणवतात. हा रात्री एकटीने ऐकताना मी एकदा उठून दाराची कडी बघून आले होते.

जॅझचा कान असेल तर न्यूयॉर्कचे इम्पीरियल ट्रायम्फंट. तिघेजण सोनेरी मुखवटे लावून वाजवतात आणि शहराची श्रीमंती व सडकेपणा हा त्यांचा कायमचा विषय. मार्च २०२५ चा 'गोल्डस्टार' आधीच्यांपेक्षा आटोपशीर आहे, म्हणून आधी तो.

फ्रान्सच्या ब्लूट आउस नोर्ड आणि डेथस्पेल ओमेगा यांच्याकडे घाई करून जाऊ नका. सूर मुद्दाम वाकडे, ताल तुटक. पहिल्याच महिन्यात यांच्याकडे गेलेली माणसं मी परत फिरताना पाहिली आहेत.

प्रयोग नकोत, जुनंच पण आजच्या ताकदीने हवं, तर माँट्रियालच्या स्पेक्ट्रल वून्डचा 'साँग्ज ऑफ ब्लड अँड मायर' (ऑगस्ट २०२४). थंडी हवी तर स्वित्झर्लंडचा एकहाती प्रकल्प पेझाज दिव्हेर. २०२० चा 'इम वाल्ड' तब्बल दोन तासांचा आहे आणि त्यात हिमवादळाचे आवाज आहेत. मी तो मे महिन्यात पंख्याखाली ऐकते. पंख्याची घरघर कुठे संपते आणि वादळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.

आपल्याला खास मौज वाटेल असा एक: चेक प्रजासत्ताकातला कल्ट ऑफ फायर. त्यांच्या २०१३ च्या अल्बमचं नाव 'मृत्यु का तापसी अनुध्यान', तेही देवनागरीत छापलेलं. गाण्यांची नावंही तशीच. जगभरच्या चाहत्यांना ते कॉपी-पेस्ट करून शोधावं लागतं आणि आपण सरळ वाचतो. असा हिशेब चुकता होण्याची संधी या छंदात क्वचितच मिळते.

देशातलं हवं असेल तर मुंबईचा सोलर डीइटी, आणि धर्म-राजकारणावर थेट बोलणारा कोलकात्याचा हीदन बीस्ट.

४. नवं आलंय हे कळणार कसं

जगभर नवे अल्बम शुक्रवारी यायचा प्रघात २०१५ च्या जुलैपासून आहे. मोठ्या लेबलांचे ब्लॅक मेटल अल्बमही त्याच दिवशी येतात. छोटे बँड मात्र पौर्णिमा, अमावास्या, वर्षातली सर्वांत लांब रात्र असले मुहूर्त गाठतात. काहीजण तर न सांगता मध्यरात्री टाकून मोकळे होतात.

बँडच्या मागे न लागता लेबलच्या मागे लागा. लेबलची आवड ठरलेली असते. एकाचे दोन अल्बम आवडले तर तिसरा आवडायची शक्यता बरीच. फ्रान्सचे सीझन ऑफ मिस्ट आणि देबेमुर मोर्ती, कॅनडाचं प्रोफाउंड लोर, जर्मनीचं आयर्न बोनहेड, इटलीचं आय व्हॉइडहँगर (विचित्र ते सगळं इथे), सॅन फ्रान्सिस्कोचं द फ्लेन्सर. आणि मुंबईचं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी, जे इथे बसून जगभरचे बँड छापतं. अमेरिकेचा व्हेलबर्नर हा ब्लॅक मेटल आणि त्याचा चुलतभाऊ डेथ मेटल यांची वेडीवाकडी सरमिसळ करणारा बँड त्यांच्याकडेच आहे. बँडकॅम्पवर यांतली चार लेबलं 'फॉलो' करा. नवं काही आलं की ईमेल येतो. चाराच्या वर गेलात की ईमेल वाचणं बंद होतं, हा स्वानुभव.

जोडीला मेटल आर्काइव्हज नावाचा मोठा कोश आहे, २००२ पासून चालू. त्यात येऊ घातलेल्या अल्बमची तारीखवार यादी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती एकदा बघायची, बस.

सापळा: एका नावाचे दोन बँड. पोलंडच्या बातुश्काचं प्रकरण सगळ्यांत गाजलेलं. दोघे साथीदार भांडले आणि २०१९ मध्ये त्याच नावाखाली दोन वेगळे बँड दोन वेगळे अल्बम घेऊन आले. त्यातला एक आता पॅट्रिआर्क या नावाने वाजवतो. विकत घ्यायच्या आधी लेबल आणि सदस्यांची नावं जुळवून बघा.

५. निवडा आणि वहीत लिहा

यादीतून तीन अल्बम काढा. प्रत्येकाचं मधलं एक गाणं ऐका. पहिलं ऐकू नका, ते गिऱ्हाईक ओढायला पुढे ठेवलेलं असतं. तिघांतला एक निवडला की महिनाभर तोच, निदान पाच वेळा, सलग. गाण्यांची उलटापालट करणारं 'शफल' बंद.

प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहायची. माझ्या वहीत एका अल्बमपुढे असं आहे: "१) गोंधळ. २) तिसऱ्या गाण्यात काहीतरी आहे. ३) तिसरं गाणं! ४) दुसरं गाणं तिसऱ्याची तयारी करतंय. ५) शेवट लांबलाय." चौथ्या ऐकण्यापर्यंत काहीच लिहावंसं वाटलं नाही, तर तो अल्बम सोडून द्या. वाईट वाटून घेऊ नका.

६. पैसे द्यायच्या आधी बँड कोण आहे ते बघा

ही पायरी गाळू नका.

या संगीताचा इतिहास रक्ताळलेला आहे. बर्गनजवळचं फानतोफ्तचं लाकडी चर्च जून १९९२ मध्ये जाळलं गेलं. ऑगस्ट १९९३ मध्ये बर्झम या बँडच्या वार्ग विकेर्नेसने मेहेमच्या गिटारवादकाचा खून केला आणि पुढच्या वर्षी त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. ते जुनं झालं. आजचा प्रश्न असा की या प्रकारात नाझी विचारांची एक शाखा जिवंत आहे आणि ती नेहमी पाटी लावून बसत नाही.

आपली इथे हमखास फसगत होते. आपल्या उंबऱ्यावर स्वस्तिक असतं, 'आर्य' हा शब्द शाळेच्या पुस्तकात असतो, त्यामुळे युरोपातल्या बँडच्या मुखपृष्ठावर हे दिसलं तर आपल्याला आपलं काहीतरी वाटतं. तिथे त्याचा अर्थ तो नसतो. १२ वाकड्या आऱ्यांचं काळं सूर्यचक्र, गाण्याच्या नावात किंवा प्रतींच्या संख्येत ८८ (हिटलरच्या जयजयकाराची सांकेतिक खूण), 'रक्त', 'वंश', 'शुद्ध' असल्या शब्दांची रेलचेल, ही लक्षणं. मेटल आर्काइव्हजवर बँडच्या पानावर गीतांचे विषय दिलेले असतात, तिथे पुष्कळदा स्पष्टच लिहिलेलं असतं. लेबलचे बाकीचे बँडही बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मी विकेर्नेसला एक पैसा देत नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचं, पण माहीत असून करा.

सैतान, उलटा क्रॉस, चेहऱ्यावरचा पांढरा-काळा रंग यांत बहुतेक ठिकाणी नाटकच जास्त असतं. आई खोलीत आली तर मुखपृष्ठ पालथं ठेवा, इतपत.

७. पैसे कसे भरायचे

नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा आणि मर्यादा लहान ठेवा, मी दोन हजार ठेवते. परदेशी संकेतस्थळावर कित्येकदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात, म्हणून. काम झालं की पुन्हा बंद. किमतीवर बँक दोन-साडेतीन टक्के चलनबदलाचे लावते आणि त्या रकमेवर जीएसटी. सात डॉलरच्या अल्बमला हे किरकोळ आहे, पण हिशेबात धरा.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के स्वतःकडे ठेवतं. २०२० च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी ते हा वाटा सोडतात, त्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात. तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाचा. आपल्याकडे तो उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होऊन शनिवारी त्याच वेळेला संपतो. सकाळी उठून घाईघाईने पैसे भरणारे एक दिवस आधीच भरून बसतात. यात मीही आले.

डाउनलोड करताना फ्लॅक घ्या, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल. पाऊण तासाचा अल्बम साधारण ३०० एमबी होतो, एमपीथ्रीमध्ये १०० च्या आसपास. खरखरीत रेकॉर्डिंगला फ्लॅक कशाला, असं विचारतील. खरखर बँडने केलेली असावी, फाइलने केलेली नको. 'नेम युअर प्राइस' लिहिलेलं असेल तिथे शून्य टाकूनही मिळतं. आवडलं तर परत येऊन पैसे द्या, बरेच लोक देतात.

८. एलपी, कॅसेट, सीडी मागवताना

पहिल्यांदा कॅसेट मागवा. हलकी असते, मोडत नाही आणि या प्रकारात ती अजून जोरात छापली जाते. एलपीचा टपालखर्च पुष्कळदा एलपीएवढाच येतो. तीन-चार मित्रांनी एकाच लेबलकडून एकत्र मागवलं तर तो वाटला जातो. वर भारतात सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागतो. टपालाने आलं तर पोस्टमन दारात पैसे घेऊन पावती देतो, सुटे तयार ठेवा.

'पाकिटावर गिफ्ट लिहा' असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेटवस्तूंची ती सवलत बंद आहे. लिहिलंत तर पार्सल अडकतं.

कुरिअरने आलं तर ते ओळखपत्र मागतात. माझं एक पार्सल असंच परत गेलं. कंपनीचा ईमेल स्पॅममध्ये पडून होता आणि मी दहा दिवस ट्रॅकिंगचं पान उघडून नुसती बघत बसले होते. पार्सल निघाल्यापासून स्पॅम रोज बघा. मात्र 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा' असा एसएमएस आला तर लिंक दाबू नका. ट्रॅकिंग नंबर हाताने टाकून कुरिअरच्या मूळ पानावर खात्री करा.

आणि जून ते सप्टेंबर एलपी मागवूच नका. माझी एक वॉचमनच्या खुर्चीखाली भिजत पडली होती, मुखपृष्ठावरचं जंगल खरोखर ओलं झालं.

९. पावसाळ्यात सांभाळायचं कसं

युरोपातली माणसं याबद्दल काही सांगत नाहीत, कारण त्यांना हा त्रासच नाही. मुंबई-कोकणात पुठ्ठ्याच्या मुखपृष्ठाला बुरशी धरते आणि काळ्या छपाईवर ती पांढरी, ठळक दिसते. एलपी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या साठवल्या तरी चालतात. पंधरा दिवसांनी एकदा कोरड्या दुपारी सगळं बाहेर काढून पंख्याखाली मांडायचं. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकते, म्हणून पिशवीचं तोंड उघडं ठेवा. कॅसेटच्या फितीवर पांढरा थर दिसला तर ती वाजवू नका, प्लेअरचं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तोच थर लागतो.